आमच्या गल्लीचा टायफाईड

मला टायफॉइड झाला नव्हता. हे आधी लिहून टाकतो, कारण मुरुडात अजूनही निम्मं गाव मला भेटलं की म्हणतं, "आप्पा, त्या टायफाईडातून उठलात ते लई बरं झालं." मी दरवेळी सांगतो की टायफॉइड नाही, कोरोना होता. ऐकणारा मान हलवतो, इकडेतिकडे बघतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "हाव हाव, तेच ते."

तेच ते नाही. आणि हे गावात सगळ्यांत आधी ज्याला कळायला हवं होतं, तो माणूस मी. लातूर जिल्ह्यातल्या या गावात माझं औषधाचं दुकान आहे. वीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. कुणाच्या घरात कोणतं दुखणं आहे, हे त्या घरातल्या माणसांच्या आधी मला कळतं. तरी मी जे केलं ते केलं. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांनी तरी करू नये, म्हणून लिहितो आहे. शहाणपण शिकवायला नाही, ते दुकान मी कधीच बंद केलं.

खिळ्यावरचा मास्क

दुसऱ्या लाटेत मी दुकानाबाहेर पाटी लावली, 'मास्कशिवाय औषध मिळणार नाही.' दोन दिवस फार बरं वाटलं. येईल त्याच्या तोंडाला मास्क. मी घरी जाऊन मंगलला, म्हणजे बायकोला, ऐटीत सांगितलं की बघ, माणसाला नीट सांगितलं की कळतं.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की प्रत्येकाच्या तोंडाला तोच मास्क आहे. निळा, डाव्या बाजूला चहाचा डाग. बाहेर येऊन बघतो तर समोरच्या कडुलिंबाला खिळा ठोकलेला आणि खिळ्याला मास्क. यायचं, खिळ्यावरून काढून तोंडाला लावायचा, औषध घ्यायचं, जाताना परत खिळ्याला अडकवायचा. रांगेतला पुढचा तयारच. मी कपाळाला हात लावला. एक जण मला समजावत म्हणाला, "आप्पा, तुमचीच सोय केली की. गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून."

मी तो मास्क काडीनं उचलून जाळला. दुसऱ्या दिवशी खिळ्याला नवा मास्क होता, यावेळी हिरवा.

ऑक्सिमीटरचंही तसंच. बोट घालून बघायला संध्याकाळी पोरंबाळं घेऊन लोक यायचे आणि दहावीचे मार्क सांगावेत तसं एकमेकांना सांगायचे, "माझं अठ्ठ्याण्णव आलं, ह्याचं पंच्याण्णवच." ज्याचं कमी आलं तो रुसून परत बोट घालायचा.

गोळ्या द्या

त्या दिवसांत ताप सगळ्यांनाच होता आणि कोरोना कुणालाच नव्हता. गावात टायफाईड होता. रक्त तपासलं की बऱ्याच जणांचं थोडंफार काहीतरी निघायचंच, आणि त्या कागदाला लोक दाखल्यासारखे जपायचे. कोरोना म्हटलं की गल्लीच्या तोंडाला बांबू, दारावर कागद, दूधवाला लांबूनच पातेल्यात दूध ओतणार. टायफाईड म्हटलं की मोसंबी घेऊन पाहुणे. मग माणूस काय निवडणार?

एक बाई आठ दिवसांत तिसऱ्यांदा आली. आधी नवरा, मग सासू, आता लेक. मी म्हणालो, "मावशी, एका घरात तिघांना एकाच आठवड्यात टायफॉइड होत नसतो. स्वॅब द्या."

"आमच्या हिरीचं पाणीच वाईट हाय."

"तुमच्या घरी नळ आहे, विहीर कुठली?"

"मग नळाचं वाईट असंल. तुमी गोळ्या द्या, लई बोलू नका."

पलीकडच्या गल्लीतले एक गुरुजी त्या टायफाईडात गेले. आम्हा लिंगायतांत माती चुकवत नाहीत. लग्नाला नाही गेलं तर माणसं विसरतात, मातीला नाही गेलं तर पिढ्या लक्षात ठेवतात. मीही गेलो. पोत्यावर पोतं रचावं तशी माणसं उभी होती आणि त्या सगळ्या गर्दीत मास्क माझ्या एकट्याच्या तोंडाला. तिघांनी जवळ येऊन काळजीनं विचारलं, "आप्पा, तुम्हाला काय झालंय?" चौथ्यानं विचारलं तेव्हा मी मास्क काढून खिशात घातला. राग आला होता, पण तो मास्कवर काढला. असा मी शहाणा.

नाक

मातीहून आल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी अंग मोडून आलं. ताप, मग डोकं. सकाळी पूजेला बसलो, उदबत्ती पेटवली, धूर दिसत होता पण वास नाही. नाक काडीजवळ नेलं तर मिशी भाजली, वास काही आला नाही. त्याच क्षणी मला कळलं. पुढचं जे काही आहे ते कळल्यानंतरचं आहे, हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. ते म्हणाले, "टायफॉइड किंचित दाखवतोय, पण त्यावर जाऊ नका. आजच स्वॅब द्या." मंगलनं त्या बोलण्यातला पहिला अर्धा भाग घरी आणला आणि दुसरा दवाखान्यातच ठेवला. मी उद्या देतो म्हणालो. शेजारच्यांनी दारातून विचारलं, "काय निघालं आप्पा?" माझ्याच तोंडातून माझ्याच आवाजात शब्द आला, "टायफाईड."

का म्हणालो? मी मनाला बरीच कारणं दिली. दुकान बंद झालं तर लोकांच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्यांचं काय, वगैरे. सगळी खोटी. खरं कारण एवढंच की लाज वाटली. ज्यानं गावाला मास्कवरून दटावलं, त्यालाच कोरोना. लोक हसतील, याची भीती मरणाच्या भीतीपेक्षा मोठी होती.

आक्का

टायफाईड म्हटल्यावर बातमी मोकळेपणानं फिरली आणि जळकोटला माझ्या बहिणीपर्यंत गेली. आक्का माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला आक्कानंच वाढवलं. ती जळकोटला लेकापाशी, बसूपाशी राहते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर पिशवी घेऊन ती हजर. तिला सोडून बसू तसाच परत गेला.

माझ्या खोलीत तेव्हा चार जण बसलेले. बघायला आलेले. सगळे नाकं उघडी टाकून. आक्का उंबऱ्यात उभी राहिली, कपाळावर विभूतीचे पट्टे, घामानं थोडे पुसलेले. तिनं तिथूनच विचारलं, "काय झालं रं संगू?"

चौघांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "टायफाईड, आक्का."

ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग आत आली आणि सरळ माझ्या गादीवर, उशाशी बसली.

मी म्हणालो, "जरा लांब बस ना. खुर्ची आहे की."

"टायफाईड का लागतंय व्हय?" ती म्हणाली आणि माझं डोकं मांडीवर घेतलं.

चौघांतले दोघे जण माना हलवून म्हणाले, "न्हाई न्हाई, टायफाईड लागत न्हाई."

चार दिवस ती राहिली. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायची, मुगाची खिचडी कालवून घास भरवायची आणि उरलेली त्याच ताटातून स्वतः खायची. मंगल दारातूनच पदर नाकाला लावून वावरायची. तिलाही माहीत होतं. आम्ही दोघं नवरा-बायको एकमेकांकडे बघायचो आणि नजर फिरवायचो. संध्याकाळी सांगू, असं मी दुपारी ठरवायचो. संध्याकाळी वाटायचं, आता दोन दिवस ती जवळ बसलीच आहे, सांगून काय उपयोग? हा विचार किती हलकट आहे ते मला तेव्हाही कळत होतं.

लातूर

पाचव्या सकाळी माझ्याच दुकानातलं ऑक्सिमीटर माझ्याच बोटाला लावलं. पंच्याऐंशी. आता त्याला टायफाईड कोण म्हणणार? शेजाऱ्याच्या गाडीतून लातूरला नेलं. दवाखान्यात स्वॅब घेतला, निकाल आला, जो मला उदबत्तीनं आठवड्याआधी दिला होता. आक्काला आत सोडत नव्हते. बसू येऊन तिला गेटावरूनच जळकोटला घेऊन गेला, टायफाईड छातीत उतरला असंच समजून. मी आत जाताना मंगलला म्हणालो, "आक्काला सांग." ती म्हणाली, "सांगते."

वॉर्डात सगळी माणसं पांढऱ्या पोशाखात झाकलेली. कोण डॉक्टर, कोण सिस्टर कळायचं नाही, म्हणून पाठीवर मार्करनं नाव लिहिलेलं असायचं. पहाटे रक्त घेणार, मग उपमा, मग "काका, पालथं झोपा." पालथं झोपून माणूस फरशी बघत राहतो. एक सिस्टर मात्र पाठीवर थोपटून जायची. हातमोज्यातला तो हात अजून आठवतो. तेवढं थोपटलं की पुढचा अर्धा तास बरा जायचा.

शेजारच्या खाटेवर औशाकडचे एक काका. त्यांना दिवसाला वीस फोन. प्रत्येक फोनला ऑक्सिजनचा मास्क हनुवटीवर घ्यायचा आणि सांगायचं, "काई न्हाई, जरा निमोनियाचं हाय." ते खोकायचे, सिस्टर धावत यायची, मास्क वर करायची, ओरडायची. परत फोन. मी कान देऊन ऐकलं तर अख्ख्या वॉर्डात हेच. कोरोनाच्या वॉर्डात बारा खाटा आणि बाराही जणांना निमोनिया. टायफाईडची बढती झाली होती.

तिसऱ्या दिवशी समोरची खाट सकाळी रिकामी दिसली. चादर बदलून गेले. त्या दिवशी काकांनी फोन घेतले नाहीत.

बसूचा फोन

पाचव्या दिवशी बसूचा फोन आला. आवाज मजेतच. "मामा, कसं काय? हिकडं आईला ताप हाय, तीन दिवस झाले. रक्त तपासलं तर टायफाईड. तुमचाच लागला म्हणायचा."

"टायफॉइड असा लागत नाही रे," मी म्हणालो.

"हाव, तेच म्हणून राहिलो मी. मग कसा काय?"

मंगलनं सांगितलंच नव्हतं. नंतर म्हणाली, जीभच रेटली नाही. तिला काय बोलणार? मलाही चार दिवस रेटली नव्हती. मी मास्क काढला. आधीच श्वास पुरत नव्हता, त्यात हे वाक्य.

"बसू, मला कोरोना आहे. आक्का घरी होती तेव्हाही कोरोनाच होता. मला माहीत होतं. तिला आत्ता, ह्या क्षणी दवाखान्यात ने."

काका माझ्याकडे बघत होते. इतक्या दिवसांत त्या खोलीत तो शब्द कुणी फोनवर उच्चारला नव्हता.

"माहीत व्हतं?" बसू म्हणाला. मग फोन बंद.

उदगीरला खाट मिळाली नाही. मग नांदेड. सकाळी निघालेले, दुपार टळल्यावर नांदेडच्या एका दवाखान्यात तिला जागा मिळाली, तोवर ती गाडीत बसल्या बसल्या मान टाकायला लागली होती. हे मला मंगलकडून कळलं. बसूनं माझा फोन आठ दिवस घेतला नाही. मी त्याच्या जागी असतो तर आठ वर्षं घेतला नसता.

मी लातूरला पालथा, ती नांदेडला पालथी. त्या आठ दिवसांत मला माझ्या आजाराची भीती वाटलीच नाही. एकच वाटत होतं, की ती गेली तर मातीला उभं राहायची माझी लायकी नाही. आणि लोक तिथे येऊन मला सांगतील, "टायफाईडनं गेली बिचारी."

नवव्या दिवशी बसूचा फोन. हॅलो नाही, काही नाही. "बोल म्हणती," एवढंच, आणि त्यानं कॉल तिकडच्या सिस्टरच्या फोनला जोडला. सूंऽऽ असा ऑक्सिजनचा आवाज, मग आक्का. "संगू, हितं वरणाला मीठच न्हाई बघ." दम घेतला. "छातीचा फोटो काढायचा म्हणून गळ्यातलं इष्टलिंग काढा म्हणत व्हते. म्या म्हणलं, जीव गेल्यावर काढा." परत दम. "सिस्टर चांगली हाय. तिनं दोरा तेवढा बाजूला सरकवला अन् फोटो काढला."

मी फोन ठेवला आणि पालथा पडून रडलो. औशाच्या काकांनी पहिल्यांदाच मास्क न काढता हात हलवून विचारलं, काय झालं. मी सांगितलं, बहीण बोलली.

आता

मी अठरा दिवसांनी घरी आलो. आक्का महिनाभर नांदेडला होती, नंतर घरी ऑक्सिजनचं मशिन. ती वाचली. पण पहिल्यासारखी नाही झाली. माडीवर चढायचं तिनं सोडून दिलं. बोलता बोलता थांबते, श्वास घेते, मग वाक्य पुरं करते. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच.

मी गावात येऊन सगळ्यांना नाव घेऊन सांगायला लागलो. लोकांना ते आवडलं नाही. "कशाला उगीच उकरता आप्पा?" म्हणतात. मी एवढंच म्हणतो की आजाराला त्याच्या नावानं हाक मारा. तुम्ही नाव बदललंत तर आजाराला काही फरक पडत नाही, फक्त तुमच्याजवळ बसणाऱ्याला कळत नाही की कुठे बसायचं.

असं मी म्हणायचो. चार महिन्यांपूर्वीपर्यंत.

चार महिन्यांपूर्वी जळकोटला गेलो होतो. आक्काच्या ओसरीवर शेजारच्या तीन बाया बसलेल्या. बोलणं तिच्या दम लागण्यावर आलं तशी आक्का म्हणाली, "मागं टायफाईड झाला ना मला, तवापासून हाय हे."

माझा तोल गेला. मी म्हणालो, "टायफाईड नव्हता. कोरोना होता. माझ्यामुळं झाला. मी हिला खोटं सांगितलं आणि ही बिचारी भोळेपणानं उशाशी बसली."

बायांनी एकमेकींकडे बघितलं. एकीनं इतक्या वर्षांनंतर पदर नाकाला लावला. दुसरी म्हणाली, "चला बाई, धारा काढायचा टाईम झाला." भर दुपारी अडीच वाजता.

त्या गेल्यावर आक्का चिडली. "कामून सांगितलंस? काय अडलं व्हतं?"

"खरं आहे म्हणून सांगितलं. तुला माहीत नव्हतं ते, निदान लोकांना तरी कळू दे."

"मला माहीत नव्हतं?" आक्का म्हणाली. "तू मला काय खुळी समजतोस का? लहानपणापासून तू खोटं बोलला की उजव्या कानाची पाळी धरतोस. त्या दिवशी धरलीस. म्या उंबऱ्यातच वळखलं."

"मग? मग जवळ कशाला बसलीस? खुर्ची होती की तिथं! लांब बसायचं!"

"चार मान्सं बसली व्हती की रं तिथं," ती म्हणाली. थांबून श्वास घेतला. "म्या लांब बसले असते तर तू खोटा पडला असतास."

एवढा राग मला त्या सगळ्या आजारात कधी आला नव्हता. मी उभा राहून ओरडलो. असली कसली इभ्रत, म्हणालो. ती चार माणसं कोण लागून गेली, त्यांतल्या दोघांची नावंसुद्धा मला आठवत नाहीत, त्यांच्यासमोर भाऊ खोटा पडू नये म्हणून छाती जाळून घेतलीस? अक्कल आहे का? बसू आतून पळत आला. आक्का हसत होती. "मग तू तरी कशाला रं म्हणालास टायफाईड?" असं काहीतरी ती म्हणायला गेली, पण वाक्य पुरं झालं नाही. तिला दम लागला. मी खाली बसलो, तिची पाठ चोळायला लागलो, आणि तिचा श्वास परत येईपर्यंत चोळत राहिलो.